चार म्हणेपर्यंत बंद!

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

आम्ही काष्टीहून बोलतोय. श्रीगोंदा तालुक्यातलं, दौंड-नगर रस्त्यावरचं आमचं गाव. शनिवारच्या जनावरांच्या बाजारामुळं तुमच्यापैकी कितीतरी जणींनी गावाचं नाव ऐकलेलं असेल. कुणाच्या गोठ्यातली गाय आमच्याच बाजारातून आलेली असेल. आमच्या बचत गटात आम्ही बारा जणी आहोत. दिवाळीला फराळाच्या ऑर्डरी घेतो, वर्षभर आपसात कर्ज देतो-घेतो, आणि त्याचा सगळा हिशोब आमच्याकडच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवतो.

तर आजचा विषय म्हणजे तो कॉम्प्युटर. बटण दाबलं की पंखा फिरतो, दिवा लागतो, आता सुरू होणार असं वाटतं आणि तेवढ्यात बंद. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. तुमच्या घरी, शाळेत, डेअरीत, पतसंस्थेत असं कधीतरी झालं असेल. लगेच कुणीतरी म्हणतं, "गेला हा, नवीन घ्या." आमच्यावर ही वेळ आली तेव्हा काय झालं, आम्ही काय शिकलो, ते सांगतो. हातात कागद-पेन्सिल असेल तर घेऊन बसा.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. फराळाचा हंगाम ऐन भरात. आमची खोली एकच. एका बाजूला गॅस आणि कढया, दुसऱ्या बाजूला टेबलावर कॉम्प्युटर. ऑर्डर आली की एकीनं उठून लिहून ठेवायची, परत लाडू वळायला बसायचं. दोन वर्षांपूर्वी वही बंद करून आम्ही सगळं कॉम्प्युटरवर घेतलं होतं. तेव्हा आम्हाला त्याचा फार अभिमान होता. वही हवी असं कुणालाच वाटलं नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात हिशोबावरून वाद निघाला. आमच्यातल्या एकीनं गाईसाठी गटाकडून कर्ज घेतलेलं. ती म्हणे, श्रावणातल्या बैठकीत मी तीन हजारांचा हप्ता दिला. दुसऱ्या दोघींना काही आठवेना. पावती तिच्याकडून हरवलेली. बँकेच्या पासबुकात बघावं तर तिथं त्या दिवशीची सगळ्यांची रक्कम एकत्र भरलेली, कुणाचे किती ते कळायला मार्ग नाही. नोंद होती ती कॉम्प्युटरमध्ये. "चला, लावून बघू," म्हणून बटण दाबलं आणि आमचा कॉम्प्युटर चालू होऊन बंद पडला.

खोलीत एकदम गप्प झालं. जिनं हप्ता दिला असं सांगत होती तिचा चेहरा आम्ही विसरणार नाही. कुणी काही बोललं नाही. पण न बोलता जे मनात येतं ते सगळ्यांच्या मनात आलं होतं. बारा जणींचा आठ वर्षांचा विश्वास त्या पत्र्याच्या डब्यात अडकून बसला होता.

दुसऱ्या दिवशी दोघी जणी तो डबा चादरीत गुंडाळून एका दुकानात घेऊन गेल्या. दोन दिवसांनी निरोप आला, "मदरबोर्ड गेलाय. साडेसहा हजार होतील. आणि फॉरमॅट मारावा लागेल." आम्ही विचारलं, "मग आतला हिशोब?" तर म्हणे, "त्याची गॅरंटी नाही." आम्ही त्यांना दोष देत नाही, त्यांच्याकडं कामाची गर्दी होती. पण साडेसहा हजार म्हणजे आमच्या फराळाचा निम्मा नफा, आणि वर हिशोबही जाणार. डबा तसाच परत आणला.

मैत्रिणींनो, आमच्या बाजारात बैल घ्यायला आलेला माणूस काय करतो? आधी दात बघतो. मग चालवून बघतो. पाठीवरून हात फिरवतो, खुरं बघतो, दोन-चार जणांना विचारतो. मग कुठं उपरण्याखाली हात घालून भाव ठरवतो. आणि आम्ही मात्र कॉम्प्युटरचे दातसुद्धा न बघता साडेसहा हजारांचा भाव ऐकून घाबरलो होतो.

शनिवारी आमच्यातल्या एकीची भाची आली. ती इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करते. तिला सगळं सांगितलं. तिनं डब्याला हातसुद्धा लावला नाही. म्हणाली, "मावशी, तुम्ही बटण दाबा आणि मोठ्यानं आकडे म्हणा."

आम्ही दाबलं. एक... दोन... तीन... चार. बंद.

"पुन्हा." एक, दोन, तीन, चार. बंद. पाच वेळा केलं, पाचही वेळा चारलाच. ती हसायला लागली. "मावशी, मदरबोर्ड जाताना असा घड्याळ लावून जात नाही."

आता ती काय म्हणाली ते नीट ऐका, कारण आजच्या भाषणात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. कॉम्प्युटर चालू होऊन बंद पडतो तेव्हा तो किती वेळानं बंद पडतो ते मोजायचं. ताप किती दिवसांनी येतो यावरून डॉक्टर जसा अंदाज बांधतात, तसंच हे. यात चार प्रकार आहेत.

पहिला प्रकार. बटण दाबलं की पंखा जेमतेम हलतो आणि क्षणात बंद. एकसुद्धा म्हणून होत नाही. यात संशय विजेचा. एकतर वीज देणारा आतला डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो दमलाय, नाहीतर आत कुठंतरी शॉर्ट आहे.

हे का होतं? भिंतीतून येते ती २३० व्होल्टची वीज. कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना लागते फक्त १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. ते काम एसएमपीएस करतो. तो सुरू झाला की आधी स्वतःचं सगळं बरोबर आहे ना ते तपासतो, आणि अर्ध्या सेकंदाच्या आत मदरबोर्डाला निरोप देतो, "वीज ठीक आहे, चालू दे." हा निरोप मिळाला नाही तर कॉम्प्युटर पुढं जातच नाही. आणि कुठं शॉर्ट दिसला, तर एसएमपीएस आग लागू नये म्हणून स्वतःच बंद होतो. म्हणजे ही त्याची चूक नाही, शहाणपण आहे. घरातला एमसीबी पडतो तसंच.

दुसरा प्रकार. चार-पाच सेकंदांनी, दर वेळी अगदी तेवढ्याच वेळानं बंद. हा आमचा. यात संशय बटणाचा.

तिसरा प्रकार. दहा-पंधरा सेकंद ते एक-दोन मिनिटं चालतो आणि मग बंद. लगेच पुन्हा लावला तर आणखी लवकर बंद, आणि अर्धा तास थांबून लावला तर जरा जास्त वेळ चालतो. यात संशय तापण्याचा.

चौथा प्रकार. कधी लगेच, कधी दहा मिनिटांनी, कधी दिवसभर काहीच नाही. यात संशय सैल जोडणीचा, घरातल्या विजेचा नाहीतर यूपीएसच्या बॅटरीचा.

आणि एक गोष्ट पहिल्या दोन प्रकारांत खरी आहे. चार सेकंदांत विंडोज सुरूच झालेलं नसतं. मग विंडोज बिघडलं म्हणून कॉम्प्युटर चार सेकंदांत बंद पडेल कसा? चूल पेटलीच नाही तर भाजी खारट कशी होईल? त्यामुळं असा बिघाड असताना "फॉरमॅट मारू" असं कुणी म्हणालं, तर शांतपणे विचारा, "कशासाठी?" आपला हिशोब, मुलांचे फोटो, दाखले हे सगळं हार्ड डिस्क नावाच्या वेगळ्या भागात असतं. मदरबोर्ड बदलला तरी ती डिस्क तशीच राहते. फॉरमॅट मारला तर मात्र ती पुसली जाते.

आता आमच्या बटणाकडं येऊ. आम्हाला वाटायचं, कॉम्प्युटरचं बटण म्हणजे घरातल्या दिव्याच्या बटणासारखं. दाबलं की वीज सुरू, पुन्हा दाबलं की बंद. फार जुन्या कॉम्प्युटरचं तसंच होतं. पण १९९५ साली एटीएक्स नावाची नवी पद्धत आली, तेव्हापासून ते बटण म्हणजे नुसती दारावरची बेल झालं. बेल वाजवली की मदरबोर्ड उठतो आणि एसएमपीएसला म्हणतो, "चल, सुरू हो." आणि कॉम्प्युटर अडकून बसला, काहीच ऐकेनासा झाला, तर जबरदस्तीनं बंद करायची सोय म्हणून असं ठेवलंय, की ते बटण सलग चार सेकंदं दाबून धरलं तर सगळं बंद.

लक्षात आलं ना? बटण आत दाबलं आणि ते चिकटून तिथंच राहिलं, तर कॉम्प्युटरला वाटतं की कुणीतरी बोट दाबूनच ठेवलंय. तो सुरू होतो, चार मोजतो, आणि आपल्याच हुकमानं बंद होतो. मग सावकाश बटण बाहेर येतं. आपण पुन्हा दाबतो. पुन्हा तेच.

भाचीनं बटणावरून बोट फिरवलं आणि बोट नाकाला लावलं. "मावशी, वेलदोड्याचा वास येतोय."

पाक! शंकरपाळ्यांचा, लाडवांचा पाक. पाकाच्या हातानं उठून आम्हीच बटण दाबत होतो. पंधरा दिवस थोडा थोडा पाक फटीत जात राहिला, त्यावर पीठ आणि धूळ बसली, आणि बटण चिकटलं. मदरबोर्ड गेला नव्हता, आमच्या हाताला पाक लागलेला होता, एवढंच.

मग तिनं पिन काढून, झाकण उघडून, पुढचं बटण मदरबोर्डाला जोडणारी बारीक वायर दाखवली. तिच्या शेजारीच रिसेटच्या छोट्या बटणाची तशीच वायर असते. तिनं पॉवरची वायर काढली आणि तिच्या जागी रिसेटची लावली. म्हणजे आता छोटं बटण दाबलं की कॉम्प्युटर सुरू होणार. झाकण लावलं, पिन खोचली, बटण दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आम्ही सगळ्या जणी दहापर्यंत मोजत होतो. पडदा उजळला. खर्च शून्य रुपये.

श्रावणातली नोंद उघडली. तीन हजार रुपये, तिच्या नावासमोर, बैठकीच्या तारखेला. हप्ता भरलेला होता. ज्या दोघींना आठवत नव्हतं त्यातली एक उठली आणि तिनं चहा ठेवला. माफी वगैरे कुणी मागितली नाही, पण पहिला कप कुणाच्या हातात दिला ते सगळ्यांनी पाहिलं. पाकाचं बोट कुणाचं होतं, हे मात्र आम्ही कधीच शोधलं नाही. बारा जणींची मिळून चोवीस हातांची चूक होती ती.

आता तुमच्याकडं असं झालं तर काय करायचं, क्रमानं सांगतो. लिहून घ्या.

एक. मोजा. वर सांगितलं तसं किती वेळात बंद होतो ते तीनदा मोजून कागदावर लिहा. पण तीनदाच. वीस-वीस वेळा चालू-बंद करत बसू नका, आत शॉर्ट असेल तर नुकसान वाढतं.

दोन. बाहेरची वीज बघा. यूपीएस, एक्स्टेंशन बोर्ड सगळं बाजूला ठेवून कॉम्प्युटरची पिन थोडा वेळ सरळ भिंतीतल्या चांगल्या सॉकेटला लावा. तिथं चालला तर दोष यूपीएसचा. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते. नवी बॅटरी घातली की काम झालं, नवा कॉम्प्युटर कशाला? मागची काळी जाड वायरही नीट खोचलेली आहे का बघा. टेबल पुसताना ती अर्धी बाहेर आलेली असते.

तीन. पिन काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मघाशी सांगितलं, बटण म्हणजे बेल. पिन लावलेली असेल तोवर बंद कॉम्प्युटरच्या आतही ५ व्होल्टची थोडी वीज जागी असते. म्हणून भिंतीतून पिन काढायची, मग पुढचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरायचं, म्हणजे आत राहिलेली वीज उतरते. हात कोरडे हवेत, पायात चप्पल हवी, आणि पोरं बाजूला.

चार. झाकण काढून बघा आणि वास घ्या. बाजूचे दोन स्क्रू काढले की पत्रा सरकतो. काहीतरी जळल्यासारखा वास येतो का? एखादा सुटा स्क्रू मदरबोर्डावर पडलाय का? एवढासा स्क्रू शॉर्ट करायला पुरतो. मेलेलं झुरळ, पाल, मुंग्यांची रांग, उंदरानं कुरतडलेली वायर, हे सगळं आपल्याकडं सर्रास सापडतं. मदरबोर्डावर बारीक डब्यांसारखे गोल भाग उभे असतात, त्यांना कपॅसिटर म्हणतात. त्यांचा माथा सपाट पाहिजे. फुगलेला असेल, त्यातून तपकिरी काही आलेलं असेल, तर तो भाग गेला समजा. साधारण २००० ते २००७ या काळात जगभर असे खराब कपॅसिटर लागलेले कितीतरी कॉम्प्युटर विकले गेले. शहरातल्या ऑफिसांतले जुने कॉम्प्युटर गावाकडं येतात, म्हणून घेताना झाकण उघडून हे बघून घ्या. बैलाचे दात बघतात तसं.

पाच. धूळ काढा. रंगाचा नवा कोरडा ब्रश घ्या. ओलं फडकं आत अजिबात नको. धूळ झटकताना किंवा हवा मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, ते जोरात गरगर फिरू देऊ नका.

सहा. बटण तपासा. दाबून सोडल्यावर टक्कन बाहेर येतं का? आळसावलेलं असेल तर पुढचं प्लॅस्टिक काढून ते पुसा, पूर्ण वाळवा. नाहीतर आमच्यासारखी रिसेटची वायर लावून बघा. वायर काढताना आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुठली वायर कुठून काढली ते नंतर आठवत नाही. ही सवय सगळ्याच दुरुस्तीत कामाला येते.

सात. तापण्याचा संशय असेल तर प्रोसेसरवरचा पंखा बघा. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू. त्याच्यावर धातूचा खाचा-खाचांचा ठोकळा आणि वर पंखा असतो. मेंदू शंभर अंशांच्या आसपास तापला की आधी हळू चालतो, आणि तरी ताप उतरला नाही तर जळू नये म्हणून सगळं बंद करतो. आमच्या शेजारच्यांनी पुण्याहून टेम्पोत कॉम्प्युटर आणला. खड्ड्यांमधून आदळत आला, आणि त्या ठोकळ्याची एक कडी निसटली. पंखा छान फिरत होता, पण ठोकळा मेंदूला टेकलेलाच नव्हता. तव्याखाली चूल असून तवा अधांतरी, तसं. पंखा फिरतोय म्हणून कुणाला संशयच येईना. कडी बसवली, मधली वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली, आणि चालू झाला. ही पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढीच लागते, लोण्यासारखी थापायची नसते.

आठ. कुटुंब लहान करा. प्रिंटर, स्पीकर, पेन ड्राइव्ह, सगळं काढा. नुसता कॉम्प्युटर लावून बघा. मग पुन्हा पिन काढून रॅमच्या पट्ट्या काढा, त्यांच्या सोनेरी दातांवरून मुलांचं साधं खोडरबर हलकेच फिरवा, कोरड्या फडक्यानं पुसा आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवा. दोन पट्ट्या असतील तर एक-एक लावून बघा. मदरबोर्डावर प्रोसेसरच्या जवळ चार नाहीतर आठ पिनांची वेगळी वीज-वायर असते, तीही घट्ट दाबा. एक-एक गोष्ट काढत गेलं की जी काढल्यावर कॉम्प्युटर चालतो, दोष तिचा. घरात भाजीत खडा लागला की आपण डाळ, तांदूळ, पीठ एक-एक निवडून बघतो, तसं.

नऊ. एवढं करून झालं नाही, तर कुणाकडचा तरी चालू एसएमपीएस लावून बघायला सांगा. हे काम मात्र माहितगार माणसाचं. एसएमपीएस बदलावा लागला तरी तो नव्या कॉम्प्युटरच्या मानानं फार स्वस्त असतो.

आता काय करायचं नाही ते. हे जिवाचं आहे, म्हणून हळू सांगतो.

एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. पिन काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज साठलेली राहू शकते. तो माणसाला जोराचा झटका देतो. त्याच डब्याच्या मागं काही जुन्या कॉम्प्युटरना एक छोटं लाल बटण असतं, ११५ आणि २३० लिहिलेलं. ते पोरांच्या हाती लागू देऊ नका. आपल्याकडं ते २३० वरच हवं. ११५ वर सरकवून चालू केलं तर फाटकन आवाज येतो आणि डबा जळतो.

आणि अर्थिंग. कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, "थोडं झिनझिन करतंच," असं आपण म्हणून सोडून देतो. सोडू नका. अर्थिंग नसल्याची ती खूण असते. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन त्यासाठीच असते, ती तोडून दोन पिनांच्या बोर्डात घालू नका. घराच्या अर्थिंगचा खड्डा वायरमनकडून तपासून घ्या आणि उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा. माती कोरडी पडली की अर्थिंगचं काम मंदावतं.

आपल्याकडं उसाचा भाग, मोटारींचा भार मोठा. रात्री मोटारी सुरू झाल्या की बल्ब मिणमिणतात, बंद झाल्या की व्होल्टेज वर येतं. डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी चारशेच्या जवळ व्होल्टेज येऊ शकतं. बल्ब एकदम भगभगले की टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर सगळ्यांच्या पिना आधी काढा, मग फोन करा. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन काढायची. इंटरनेटची वायर असेल तर तीही.

दुकानात जायची वेळ आलीच, तर घाबरत जाऊ नका. दुरुस्ती करणाऱ्यालाही नीट माहिती मिळाली की बरं वाटतं. "बंद पडतो" एवढंच न सांगता "बटण दाबल्यापासून बारा सेकंदांनी बंद पडतो, यूपीएसशिवायही तेच, रॅम बदलून बघितली" असं सांगा. कुठला भाग गेला ते चिठ्ठीवर लिहून घ्या. जुना भाग परत मागा. आणि डिस्कमध्ये महत्त्वाचं काही असेल तर आधीच सांगा, "विचारल्याशिवाय फॉरमॅट मारायचा नाही." जमलं तर डिस्क काढून घरीच ठेवा. नुसता बंद पडण्याचा दोष तिच्याशिवायही तपासता येतो.

शेवटचं. आमचा कॉम्प्युटर चालू झाला, पण दोष फक्त बटणात नव्हता. बारा जणींचा हिशोब एकाच जागी ठेवला, ही खरी चूक. आता आम्ही दर बैठकीला तीन गोष्टी करतो. कॉम्प्युटरवर नोंद, त्याची प्रत पेन ड्राइव्हवर, आणि त्या दिवशीचं पान छापून सगळ्या जणींची सही घेऊन फाइलला. पेन ड्राइव्ह दर महिन्याला वेगळ्या घरी जातो. आणि जुनी वहीसुद्धा परत सुरू केली आहे. ती बंद केली तेव्हा शहाणपण वाटलं होतं, आज सुरू केल्याचं समाधान आहे.

कॉम्प्युटरच्या टेबलाजवळ आम्ही एक ओला रुमाल आणि एक कोरडा रुमाल टांगलाय. वर पुठ्ठ्यावर लिहिलंय, "आधी हात, मग बटण." येणारी-जाणारी माणसं वाचून हसतात. हसू देत. त्या भाचीचंही एक वाक्य आम्ही लक्षात ठेवलंय. आम्ही तिला म्हणालो होतो, "अगं, आम्हाला यातलं काही कळत नाही." ती म्हणाली, "मावशी, कढईतलं तेल तापलंय का ते तुम्ही पिठाचा ठिपका टाकून बघता. हे त्यापेक्षा अवघड नाही. बघायचं, थांबायचं, मोजायचं."

तर मैत्रिणींनो, पुढच्या वेळी घरातला कॉम्प्युटर चालू होऊन बंद पडला, तर पाकीट उघडण्याआधी आकडे मोजा. हात कोरडे ठेवा, पिन काढा आणि मग झाकण उघडा.